सुमंगलेचा वाटा

"ल्हान पुडी सुमंगलेची. आवयन दोनदां सांगलां, विसरूं नाका," म्हापशाहून रात्रभर बस चालवत आलेल्या ड्रायव्हरनं आईनं धाडलेली पिशवी हर्षाच्या हातात दिली आणि तो चहाच्या शोधात निघून गेला.

स्वारगेटच्या बाकावर बसून हर्षानं पिशवी उघडली. हळदीच्या पानांतल्या पातोळ्या, अजून ओलसर. आधी तिनं आपल्या वाट्याच्या खाल्ल्या, मग सुमंगलेच्या. सुमंगला नावाची मैत्रीण तिला नव्हतीच.

हे नाव जन्मलं पुण्यातल्या पहिल्याच रविवारी. पेडण्यात त्यांच्या घरी फोन नव्हता; रविवारी आई, देवकी, गोपाळच्या दुकानात येऊन फोनपाशी उभी राहायची. लेकीला एवढ्या लांब पाठवायला ती मुळीच तयार नव्हती. ताळगावच्या पठारावर आता गोव्याचं स्वतःचं विद्यापीठ झालंय, दोन बस बदलल्या की पोर सांजेला घरात, असं तिचं म्हणणं. हर्षाला मात्र पुणंच हवं होतं. मराठीत एम. ए. करायचं तर मराठीच्या गावात! शेवटी देवकीनं सोबतिणीची अट घातली, "जोडी मेळ्ळी तर रव. एकटें पडलें जाल्यार बापूय येवन घेवन येतलो."

त्या रविवारी फोनवर तिचा पहिला प्रश्न तोच होता. "जोडी मेळ्ळी गो?"

बूथच्या काचेतून समोरची पाटी दिसत होती. सुमंगला ब्लाऊज सेंटर.

"मेळ्ळी," हर्षा म्हणाली. "सुमंगला."

खरं तर जोडी मिळायला हरकत नव्हती. पण पहिल्याच आठवड्यात वर्गात ती काही विचारायला उभी राहिली, आणि मागच्या बाकावरची एक मुलगी कौतुकानंच म्हणाली, "किती गोड! कोकणीत बोल ना अजून." हर्षा मराठीतच बोलत होती. गोव्यात कोकणी की मराठी या आंदोलनात तिचे वडील मराठीचा झेंडा घेऊन म्हापशापर्यंत चालत गेले होते, त्यावरून शेजाऱ्यांशी वर्षभर अबोला झाला होता. हे सगळं त्या मुलीला सांगायचं कसं? हर्षा खाली बसली, आणि त्यानंतर उत्तर येत असलं तरी उठेनाशी झाली. होस्टेलच्या खोलीत रोहिणी होती, पण ती रसायनशास्त्राची. तिचा घोळका वेगळा. ग्रंथालयात तेवढं बरं वाटे. तिथे सगळेच गप्प असत.

दिवाळीत ती घरी गेली तेव्हा तिच्या बोलण्यात सुमंगला चांगलीच भरली. साताऱ्याची झाली, केस लांब झाले, गणपतीच्या आरत्या खणखणीत म्हणू लागली. खरं सांगितलं असतं तर ट्रंक पुन्हा पुण्याला गेलीच नसती. देवकीनं चकल्यांचा वेगळा डबा भरला.

मग डिसेंबरात एका सकाळी वॉचमननं हाक मारली, "गोवा! पाहुणे!"

फाटकापाशी बाबली उभे होते, हर्षाचे वडील. ते पेडण्यात पायलट होते, म्हणजे पिवळ्या मडगार्डच्या मोटारसायकलवर मागे माणसं बसवून म्हापशाला न्यायचे. गोव्याबाहेर ते पहिल्यांदाच येत होते. हातात जत्रेतलं खाजं होतं, अर्थात दोन पुड्यांत.

"आवयन धाडलां. म्हणाली, चेडवाक एकदां पळोवन यो." त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "खंय आसा ती सुमंगला?"

"गांवाक गेल्या," हर्षा म्हणाली. "आजच."

"बरें तर."

तिनं त्यांना विद्यापीठ दाखवलं. ते वडांच्या पारंब्यांखालून मान वर करून चालले. मुख्य इमारतीपुढे त्यांनी चपला काढल्या, मग कुणीच काढत नाही हे पाहून पुन्हा घातल्या. मेसमध्ये ताट समोर आल्यावर त्यांनी त्यात मासळी शोधली आणि म्हणाले, "नुस्तें ना? मग हांगा पोरां शिकतात कित्याच्या बळार?"

हर्षा मोठ्यानं हसली. पुण्यात आल्यापासून पहिल्यांदाच. चपात्या वाढणाऱ्या मावशी थबकल्या.

"वडील का गं तुझे? बरं झालं बाई, आज कुणीतरी आहे. नाहीतर पहिल्या दिवसापासून बघतेय मी, त्या खांबाशी एकटीच बसते पोर. भात चिवडते नि उठते."

हर्षानं आमटीत चमचा फिरवला. फिरवतच राहिली. बाबलींनी भात कालवला, घास घेतला.

"आमटी गोड," एवढंच ते म्हणाले.

आता संध्याकाळच्या बसला दोन तिकिटं, हे तिनं मनाशी धरलं. भीती वाटली, आणि थोडं सुटल्यासारखंही. खोलीतली ट्रंक कशी भरायची तेही तिनं ठरवून टाकलं. पण बाबलींनी ट्रंकेचं नाव काढलं नाही.

स्टँडवर बस लागली होती. मोटारसायकलवर मागच्या माणसाशी बोलावं तसे ते समोर बघत बोलले, मान न वळवता.

"आवयक सांगतां, सुमंगला मेळ्ळी. चेडूं बरें. मात बारीक जालां."

हर्षानंही समोर बसकडे पाहिलं.

"खूब सोंसचें पडलें जाल्यार घरा यो म्हण सांग ताका. घर खंय धांवना." मग पिशवीतून दुसरी पुडी काढून त्यांनी तिच्या हातात ठेवली. "हें ताचें."

"दितां," हर्षा म्हणाली.

ते बसमध्ये चढले. बस वळेपर्यंत त्यांचा हात खिडकीवर होता, हलत नव्हता, नुसता ठेवलेला.

संक्रांतीला पुन्हा पिशवी आली. ड्रायव्हर तोच.

"ह्या खेपेक उरफाटें हां," तो म्हणाला. "व्हडली पुडी सुमंगलेची. बारीक जाल्या खंय ती."

मेसमध्ये दुपारची वर्दळ संपली होती. खांबाजवळच्या टेबलावर हर्षानं दोन्ही पुड्या समोरासमोर ठेवल्या, एक इकडे, एक रिकाम्या बाकापुढे. मग हात लांब करून पलीकडची ओढून घेतली आणि तिचीच गाठ आधी सोडली. आत तिळाचे लाडू होते आणि आईनं गाठ इतकी घट्ट मारली होती की ती दातांनी सोडवावी लागली.