पाहुण्यांसाठी बाहेर काढलेली खाट

मी एक जुनी घडीची खाट आहे. जुनी म्हटलेलं मला चालतं, मोडकी म्हटलेलं चालत नाही. माझ्यावरून उठताना 'अगं आई गं' म्हणतात ती माणसं, मी नाही.

मित्रांनो, माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. एकाने माझ्या नळ्या वाकवल्या, दुसऱ्याने मधोमध बिजागरी बसवली, तिसऱ्याने हिरवा रंग फासला. तो तिसरा जेवायच्या सुट्टीसाठी घाईत होता, म्हणून माझ्या एका पायावर रंगाचा ओघळ तसाच वाळला. बाकीच्या खाटांबरोबर माझी रवानगी एका वसतिगृहात झाली. तिथली मुलं आमच्यावर झोपायची कमी आणि उड्याच जास्त मारायची. एकदा त्यांनी मला भिंतीला टेकवून माझी घसरगुंडी केली आणि माझं कापड टर्रकन फाटलं. फाडलं त्यांनी आणि घराबाहेर काढलं मला. त्यांची नावं मी अजून विसरलेली नाही.

जुन्या सामानाच्या दुकानात मी धूळ खात पडले होते, तेव्हा एक नवराबायको आले. परदेशातून आलेले, आमच्या देशात ते नवेच होते. सोबत दोन बॅगा, आणि भाड्याची खोली अगदी रिकामी.

"कापड फाटलंय हिचं," नवरा म्हणाला.

"कापड फाटलंय ना? खाट कुठे फाटलीय?" बायको म्हणाली.

तेव्हापासून मी त्या बाईंना मानते. सगळे त्यांना ताई म्हणतात, मीही ताईच म्हणते. ताई एका शिंप्याच्या दुकानात कामाला लागल्या होत्या. पँट आखूड करायची, कंबर सैल करायची, चेन बदलायची, अशी कामं. त्यांनी माझ्यासाठी ताडपत्रीसारखं जाड कापड आणलं आणि दुहेरी शिवण घालून ते माझ्यावर ताणून बसवलं. आजतागायत त्यातला एक टाका उसवलेला नाही.

ताईंचे यजमान पावाच्या भट्टीवर रात्रपाळी करायचे. ताई दुकानात दिवसा. म्हणजे रात्री माझ्यावर ताई झोपायच्या आणि सकाळी यजमान. खाट एक, झोपणारे दोघं, आणि जागेवरून भांडण म्हणून नाही. मला मात्र चोवीस तास ड्यूटी. पण तक्रार कशाला करू? ताई आल्यागेल्याला सांगायच्या, "या खाटेने आमचा संसार उभा केला." इतकं कौतुक ऐकल्यावर कोणाची पाठ दुखते?

मग चार पैसे हातात आले, मोठं घर आलं, गादीचा पलंग आला. माझी घडी घालून मला कपाटामागे उभं केलं. शेजारी धूळ ओढायचं मशीन. त्याला दर रविवारी तरी बाहेर काढायचे. मला कोण काढणार? माझ्यावर कोळ्याने जाळं विणलं, आणि तेही तिरपं. यजमान अधूनमधून म्हणायचे, "ही अडगळ देऊन टाकू या का?" ताई म्हणायच्या, "आधी तुमचे ते जुने बूट द्या, मग खाटेचं बघू." की विषय संपला.

त्या घरात मूल नव्हतं. का नव्हतं, ते विचारायचा अधिकार मलासुद्धा नाही. पण मायदेशी ताईंचा धाकटा भाऊ होता, ज्याला ताईंनीच न्हाऊमाखू घालून वाढवलं होतं. त्याचं लग्न झालं, मुलगी झाली. तिला सगळे टिल्ली म्हणायचे. ताईंना काही तिकडे जायला जमलं नव्हतं. भेट व्हायची ती फोनवर. रोज संध्याकाळी ताई साखरेच्या बरणीला टेकवून फोन उभा करायच्या, आणि त्यात टिल्ली दिसायची. पडलेला दात दाखवायची, गाणं म्हणायची, आत्याला सोडायलाच तयार नसायची. कपाटामागे मला सगळं ऐकू यायचं. मित्रांनो, ताईंचा आवाज शेजारच्या इमारतीतही ऐकू जातो, तर कपाट म्हणजे काय?

आणि एक दिवस ठरलं. भाऊ, भावजय आणि टिल्ली सुट्टीत राहायला येणार!

मग काय विचारता! मला कपाटामागून बाहेर काढलं, साबणाच्या पाण्याने घासलं, बिजागरीला तेल दिलं. ताईंनी टिल्लीसाठी एक फ्रॉक शिवला. त्यांचं असं आहे, की टेप न लावता नुसत्या नजरेने माणसाचं माप घेतात आणि बोटभरही चुकत नाहीत. टिल्लीचंही माप त्यांनी तसंच घेतलं, फोनमध्ये बघून. "आली की धावत येऊन गळ्यात पडेल बघा," असं त्या यजमानांना दिवसातून कितीदा सांगायच्या, देव जाणे.

पाहुणे आले. दार उघडलं. ताईंनी हात पसरले. टिल्लीने ताईंकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि ती आईच्या मागे लपली.

"अगं, आत्या ना ही!" भाऊ म्हणाला.

"ही नाही," टिल्ली म्हणाली. तिने आपला तळहात पुढे केला. "आत्या एवढीशी असते. ती फोनमध्ये राहते."

सगळे हसले. ताई सगळ्यात जास्त वेळ हसल्या. मग त्यांनी फ्रॉक काढला. तो टिल्लीला पायघोळ झाला आणि बाह्यांतून बोटंसुद्धा बाहेर येईनात. ताईंच्या हातून असं कधी झालं नव्हतं. एका फोनने दोघींचीही मापं चुकवली होती, पण हे तेव्हा कुणाच्या डोक्यात येईना.

पुढचे दिवस वाईट गेले, मित्रांनो. ताई जितक्या जवळ जायच्या तितकी टिल्ली लांब पळायची. चॉकलेट दाखवलं, तिने ते आईला घ्यायला लावलं. बाहुली आणली, बाहुली घेतली आणि ताईंना पाठ दाखवली. "एक पापी दे, मग बागेत जाऊ," म्हटलं, तर म्हणाली, "मला बाग नको." ताईंना नकार ऐकायची सवय नाही. एका दिवशी जेवताना त्यांच्या तोंडून निघालंच.

"नात्यातली माणसं ओळखायला हल्ली कुणी शिकवत नाही वाटतं मुलांना."

भावजय दवाखान्यात नर्स होती. या सुट्टीसाठी ती कित्येक महिने रजा साठवत होती. तिने घास खाली ठेवला.

"ताई, ती बोलायला लागल्यापासून रोज तुम्हालाच दाखवत आलेय तिला. आणखी काय शिकवायचं ते सांगा."

"मला कशाला विचारतेस? आई तू."

भाऊ ताटात बघत बसला. लहानपणीही तो असाच करायचा म्हणे. शेवटी हळूच म्हणाला, "ताई, आम्ही उरलेले दिवस समुद्राकडे जाऊन राहावं म्हणतो. तुलाही जरा आराम."

"जा की. अडवलंय कुणी? पाहुणेच तुम्ही."

ज्याला हाताने भरवलं, त्यालाच त्या 'पाहुणे' म्हणाल्या. यजमानांनी ताईंकडे पाहिलं आणि पुढचा घास घेतला. तेवढं शहाणपण त्यांना भट्टीने शिकवलं आहे, तापलेल्याला हात लावायचा नाही.

दुसऱ्या दिवशी भाऊ आणि यजमान समुद्राकडची खोली बघायला गेले. भावजय बॅग भरू लागली. ताई स्वयंपाकघरात भांडी आपटत होत्या. आणि टिल्ली होती माझ्याकडे. त्या घरात तिला पहिल्यापासून आवडली असेल तर मीच. तिने मला अर्धं मिटवून तंबूसारखं उभं करायला लावलं होतं. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला चादरीचं दार, आत ती आणि बाहुली. मी इतकी वर्षं खाट होते, त्या दिवसांत घर झाले.

आतून टिल्लीने हाक मारली, "आई, आत्याला फोन लाव ना. ती किती दिवस बोललीच नाही."

"अगं, आत्या स्वयंपाकघरात आहे. जा ना तिच्याकडे."

"ती नाही गं. आपली."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. भावजय धावत आत गेली. "ताई, मनावर घेऊ नका हो, लहान आहे ती..." ताईंनी पदराला हात पुसले. त्यांनी आपला फोन उचलला, त्या गॅलरीत गेल्या आणि काचेचं दार लावून घेतलं. भावजयीच्या हातातला फोन वाजला. तिने तो चादरीखालून आत सरकवला.

"आत्या!" टिल्ली ओरडली. "कुठे गेली होतीस?"

"होते की इथेच. तू कुठेयस?"

"माझ्या घरात. आत्या, तुला एक सांगू?" टिल्लीने आवाज बारीक केला. "इथे ना, एक बाई आहे."

"हो का? कशी आहे?"

"मोठ्ठी! दारात मावत नाही."

भावजयीने कपाळावर हात मारला. काचेतून मला ताईंची फक्त पाठ दिसत होती. ती हलली. हसल्या की आणखी काही, ते पाठीवरून कळत नाही.

"आणखी काय करते ती?"

"सारखी पापी मागते. बाबांना ओरडते. आणि मला मोठ्या मुलीचा फ्रॉक दिला."

"वाईट आहे का गं ती?"

टिल्लीने विचार केला. "वाईट नाही. नवी आहे."

"मग तिने काय करावं?"

"खाली बसावं. आणि हळू बोलावं. आणि पापी मागू नये. मी देईन तेव्हा घ्यावी."

"बरं," ताई म्हणाल्या. इतक्या हळू, की मलाही नीट ऐकू आलं नाही.

त्या गॅलरीतून आत आल्या. पावलांचा आवाज नाही. माझ्याजवळ येऊन, मला पाठ लावून त्या जमिनीवर बसल्या. गुडघे कडकड वाजले, पण तोंडातून हूं नाही की चूं नाही. फोन चेहऱ्यासमोर धरलेलाच होता. दोन फोन जवळ आले तसा त्यातून कुईं असा आवाज निघाला.

"आत्या," टिल्ली म्हणाली, "तुझ्या मागे काय आहे?"

"काय आहे?"

"हिरवी नळी आहे. आणि चादर. आत्या! तुझ्या मागे माझं घर आहे!"

चादर बाजूला झाली. टिल्लीने डोकं बाहेर काढलं. समोर ती मोठी बाई जमिनीवर बसलेली, आणि तिच्या हातातल्या फोनमध्ये टिल्ली स्वतः. तिने आपल्या हातातल्या आत्याकडे पाहिलं, मग बाहेरच्या आत्याकडे, मग पुन्हा हातातल्या. माझ्या नळ्या ताठ झाल्या होत्या. आता रडली तर संपलं!

"तू बाहेर आलीस?" टिल्लीने विचारलं.

"आले बाई."

"दुखलं?"

"गुडघे दुखले थोडे."

टिल्लीने बाहेर येऊन ताईंच्या गुडघ्यावर फुंकर घातली. मग हात धरून त्यांना माझ्या आत ओढू लागली. मित्रांनो, ताई माझ्यात मावणं कसं शक्य आहे? डोकं आणि एक खांदा गेला, बाकीच्या ताई बाहेरच राहिल्या. माझी बिजागरी करकरली, तरी मी तसूभरही हलले नाही. आत पापी कुणी मागितली नाही. मिळाली.

थोड्या वेळाने दार उघडलं आणि भाऊ उत्साहाने म्हणाला, "खोली मिळाली! अगदी समुद्रासमोर..." आणि तो तिथेच थांबला.

माझ्या आतून ताईंचा आवाज आला, "हळू बोल रे. मोठ्याने बोललेलं आमच्या घरात चालत नाही."

खोली नको म्हणून कळवायला यजमानच परत जिना उतरले. ताईंनी भावजयीला जवळ बोलावलं. माफी वगैरे मागितली नाही, तो त्यांचा स्वभाव नाही. "बॅग उपस," म्हणाल्या. "आणि माझ्या बोलण्याचं काही मनात ठेवू नकोस." भावजय म्हणाली, "ठेवणार होते. पण तुम्ही इतक्या खाली बसलात, आता काय ठेवू?" मग दोघींनी मिळून ताईंना उभं केलं, कारण गुडघे पुन्हा सरळ व्हायला तयार नव्हते.

दुसऱ्या दिवशी टिल्ली माझ्यावर उभी राहिली आणि ताईंनी टेप लावून तिचं माप घेतलं. नजरेने नाही, टेपने. पुढचे सगळे दिवस ती 'मोठी आत्या, मोठी आत्या' करत त्यांच्या मागे फिरली. सगळे मिळून बागेत गेले, बसमध्ये बसले, समुद्रही बघून आले. तिथे काय झालं ते मी सांगू शकत नाही, मला कुणी नेलं नव्हतं.

पाहुणे गेले. घर एकदम गप्प झालं. ते पोचले त्या संध्याकाळी ताईंनी बरणीला फोन टेकवला आणि केस नीट केले. फोनमध्ये टिल्ली आली. तिने ताईंकडे पाहिलं आणि ओठ काढले.

"ही नको," ती रडत म्हणाली. "ही छोटी आहे. मला मोठी आत्या पाहिजे!"

भाऊ समजावत होता, भावजय समजावत होती. टिल्लीने फोनला पाठ दाखवली.

"घ्या," यजमान म्हणाले. "आता फोनवरही बोलेना."

पण ताईंचा चेहरा मी पाहिला. डोळे भरलेले आणि मान ताठ. सगळ्या इमारतीला ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, "मग नाहीच बोलणार ती! मी काय तळहाताएवढी आहे? उद्या सुट्टीचा अर्ज द्या भट्टीत. आता आपण जायचं."

मित्रांनो, ते दोघं आता तिकडे गेले आहेत. मी कपाटामागे नाही, खिडकीपाशी उघडीच आहे. एवढंच सांगते. तुमच्या घरी माझ्यासारखी कुणी अडगळीत उभी असेल, तर तिला बाहेर काढा. पुसा, बिजागरीला तेल द्या. पण तेवढ्यावर 'आम्ही वस्तू जपतो' म्हणून मिरवू नका. खाट पुसून ठेवली म्हणजे जपली असं होत नाही. लांबच्या कुणाला तरी बोलवा आणि तिच्यावर झोपवा.

आणि त्या माणसाने पहिल्या दिवशी तुम्हाला ओळखलं नाही, तर रागावू नका. खाली बसा.