वीस किलोमीटर उंचीवरून ऐकलेलं

भाच्याचं काम सांगायला सोपं आणि करायला कंटाळवाणं होतं. आकाशात वीस किलोमीटर उंच, ढगांच्याही वर, गॅसने फुगवलेलं एक भलंमोठं एअरशिप तरंगत असे आणि शहरातले सगळे मोबाइल त्याच्यामार्फत बोलत. ते वाऱ्याने भरकटू नये म्हणून भाच्याने खाली एका खोलीत चार पडद्यांसमोर बसायचं, गॅसचा दाब बघायचा, आणि जरा सरकलं की पंखे फिरवून पुन्हा जागेवर आणायचं. नोकरी लागल्याचं त्याने मोठ्या हौसेने सांगितलं, तेव्हा आत्या चार पाहुण्यांदेखत म्हणाली, "म्हणजे फुगेवाला झालास."

आईच्या मागे आत्यानेच त्याला लहानाचा मोठा केला होता, म्हणूनच ते जिव्हारी लागलं. त्याच आठवड्यात त्याने वेगळी खोली घेतली. मग दोन वर्षं अबोला. दोघंही एकाच मातीचे, नमतं कोण घेणार?

एका दुपारी आतेबहीण थेट कंट्रोल रूमच्या दारात येऊन उभी राहिली.

"तुला काही वाटतं का? आई सहा महिने तुला बोलावतेय."

"मला एकही फोन आला नाही."

"तुला कशाला करेल? इतरांना करते, आणि शेवटी तुझ्यासाठी दोन वाक्यं बोलते. सगळे फोन तुझ्याकडूनच जातात ना?"

भाच्याने कपाळावर हात मारला. ज्याच्या हातून फोन जातात तो ते ऐकतोच, नाहीतर दिवसभर तिथे बसून करतो काय, अशी आत्याची पक्की समजूत होती. आपण फोन केला तर आपण नमलो. दुसऱ्याशी बोलताना त्याने ऐकलं, तर तो त्याचा चोंबडेपणा. दातांच्या डॉक्टरांची वेळ घेऊन झाली की ती म्हणायची, "आणि तू रे, वेळेवर जेवत जा." डॉक्टर बिचारे हो म्हणायचे.

"अगं, इथे आवाज येतच नाही. मला नुसता वारा दिसतो."

"ते तूच तिला सांग. मी सांगून थकले."

आज सांगायचंच, असं ठरवून तो संध्याकाळी गेला. आत्याने दार उघडलं आणि त्याला खालीवर न्याहाळलं.

"आलास? वाटलंच. गुरुवारचं ऐकून आलास."

"गुरुवारचं?"

"पाणीखात्याला फोन लावला होता. तिथे कुणी उचलत नाही, पाऊण तास नुसतं संगीत. म्हटलं, बरं झालं, आपण दोघंच आहोत. मग सगळं बोलून टाकलं. पाहुण्यांसमोरचं, त्याच्या आधीचंही." तिने चष्मा काढून पुसला. "पुन्हा बोलायला लावू नकोस. एकदा धीर झाला, तो झाला. ऐकलंस ना?"

भाच्याला एकदम भरून आलं. ज्या शब्दांची दोन वर्षं वाट पाहिली, ते बोलले गेले होते आणि जगात कुणीच ऐकले नव्हते. त्याला फार वाईट वाटलं, आणि तितकंच बरंही.

"ऐकलं," तो म्हणाला. "अक्षरन्अक्षर."

"मग तिथल्या तिथे काही बोलला का नाहीस?"

"बोललो ना, आत्या. त्या संगीतात तुला ऐकू आलं नसेल."

"संगीत कसलं," आत्या दारातून बाजूला होत म्हणाली, "मी रडत होते, म्हणून."