कोरलची जीभ

“उघडतोस की मी येऊ?” कोरलने मागच्या पडवीतून हाक मारली.

मर्व गॅरेजमध्ये बाटली हातात धरून उभा होता. गव्हाची बिअर बाटल्यांत भरून जेमतेम आठवडा झाला होता. मुरायला अजून निदान पंधरा दिवस हवे होते. पण सकाळी कोरल म्हणाली होती, “एक काढ ना. थांबायचा कंटाळा आलाय मला.” त्यावर त्याला नाही म्हणवलं नव्हतं.

बर्नी गावच्या कागद कारखान्यात, लगद्याच्या टाक्यांवर त्याची उमर गेली. तिथल्या वाफांनी नाक मेलं ते मेलंच, जीभही बोथट झाली. म्हणून घरात नवरा-बायकोची वाटणी ठरलेली: बिअर मर्वने करायची, ती कशी झाली ते कोरलने सांगायचं. सांगताना तिने कधी भीड ठेवली नाही. “साबण लागतोय,” म्हणायची. नाहीतर, “बागेत ओत, पण माझे गुलाब सोडून.” गव्हाची बिअर जमली की तिला केळ्या-लवंगेची चव येते; तिने “केळं आलं, लवंग आली,” म्हटलं, की मगच मर्व शेजाऱ्यांना बोलवायचा.

कॅन्सरच्या औषधांनी तिची गाठ आटली, आणि चवही गेली. परत येईल किंवा नाही येणार, डॉक्टर म्हणाले. मर्वने ते दुसऱ्याच कुठल्या गावाच्या हवामानाचा अंदाज ऐकावा तसं ऐकलं. गाडी चालवणं, सूप गरम करणं, चादरी धुणं, सगळं तो करत होता. आत काही हलत नव्हतं.

तो पडवीत आला तेव्हा शेजारचा नेव्हिल चीजची बशी घेऊन आधीच बसला होता.

“आठवड्यात फोडतोस? तुला कधीपासून एवढी घाई?”

“बाईसाहेबांचा हुकूम,” मर्व म्हणाला आणि तीन पेले भरले.

कोरलने घोट घेतला. डोळे मिटले. दोघे वाट बघत राहिले.

“केळं,” ती म्हणाली. “आणि मागाहून लवंग. जमलीय रे, मर्व.”

मर्वने पेला तोंडाला लावला. बिअर आंबून गेली होती. त्याच्या असल्या जिभेलासुद्धा ते कळलं, दात शिवशिवले.

नेव्हिलचं तोंड वाकडं झालं. “अरे, ही तर—”

“थंड आहे ना?” मर्वने त्याच्याकडे रोखून पाहिलं.

नेव्हिलने एकदा मर्वकडे, एकदा कोरलच्या डोक्यावरच्या लोकरी टोपीकडे बघितलं. मग पेला एका दमात रिकामा केला. “थंड आहे,” तो म्हणाला. “झकास आहे.”

“मग दोन घेऊन जा घरी,” कोरल म्हणाली.

नेव्हिल दोन बाटल्या काखेत मारून फाटकातून गेला.

“त्याला खोटं बोलता येत नाही,” ती म्हणाली. “बिघडली ना?”

मर्वने मान डोलावली. “बादली नीट धुतली नव्हती. त्या आठवड्यात आपण लॉन्सेस्टनला, इस्पितळात...”

“ठाऊक आहे.”

“तुला काय लागलं?”

“काही नाही. नुसतं ओलं.” ती खालच्या बंदराकडे बघत होती. “तू असा उभा होतास समोर. मग म्हटलं, केळं.”

इतक्या वर्षांतलं तिचं हे पहिलं खोटं. आपल्याला रडू यायला हवं, असं मर्वला वाटलं. आलं नाही. धक्क्यावर जहाजात लाकडाचा भुगा चढत होता, त्याचा आवाज तेवढा येत राहिला.

कोरलने पेला पुढे केला. “ओत उरलेली.”

“अगं, खराब आहे ती.”

“तुला खराब आहे. मला चालतेय.”

त्याने तिचा पेला भरला. जरा थांबून स्वतःचाही भरला आणि खुर्ची तिच्या खुर्चीला लावून बसला. त्याने घोट घेतला, तेव्हा ती त्याच्या चेहऱ्याकडे निरखून बघत होती.

“कशी आहे?” तिने विचारलं.

“आंबट.”

“किती?”

“कच्च्या लिंबाएवढी. शेवटी जरा कडू.”

तिने मान हलवली, आणि सावकाश आणखी एक घोट घेतला.