मी घड्याळ नव्हे, मुनीम

मित्रांनो, जन्माने मी परदेशी, पण वस्तीने पक्का जालनेकर आहे. मोंढ्यामागच्या, म्हणजे घाऊक बाजारामागच्या, वाहनतळाच्या फाटकाशी मी उभा असतो. गाडी आत आणताना माझं हिरवं बटण दाबा, मी वेळ छापलेली चिठ्ठी देईन. जाताना तीच चिठ्ठी आणि नाणी माझ्या तोंडात टाका, मी भाडं काढेन, उरलेले पैसे परत करीन आणि वर पावतीही देईन. काम इतकं सरळ आहे. तरीही मी नेमका कोण, हे ठरवायला शहाण्या माणसांना अख्खा पावसाळा लागला आणि तोवर माझा जीव टांगणीला लागला होता. ती हकिकत आज सांगतो. मधे मधे बोलू नका, हिशेब करताना मला गडबड चालत नाही.

एका थंड मुलुखातल्या कारखान्यात मी घडलो. अंग जाड पत्र्याचं, पोटात वेळ सांगणारं घड्याळ, डोक्यात गणित. आपल्याकडची नाणी कशी ओळखायची हे मला तिथेच शिकवलं गेलं. माझी भावंडं मोठमोठ्या शहरांना निघाली आणि माझ्या खोक्यावर पत्ता पडला जालन्याचा. खोकं बांधणाऱ्यांना हे गाव नकाशात सापडेना. तेव्हा मला फार वाईट वाटलं होतं. आता हसू येतं.

मला मागवलं होतं गोपीकिशन शेठजींनी. कापडाचे व्यापारी. त्यांचं घराणं पिढ्यांपूर्वी राजस्थानातून येऊन जालन्यात रुजलेलं. मोंढ्यामागे त्यांची मोकळी जागा होती. जाफराबादच्या जिपा, अंबडचे टेम्पो, गावोगावच्या मोटरसायकली बाजाराच्या दिवशी तिथे लागत. भाडं घ्यायला राखणदार ठेवला की भांडण ठरलेलं. गाडीवाला म्हणायचा, "मी आत्ताच आल्तो." राखणदार म्हणायचा, "सकाळपासून उभी हाय तुझी जीप." शेवटी गचांडी धरली जायची आणि राखणदार नोकरी सोडून जायचा. शेठजींचा पुतण्या अमृतलाल तर टपूनच बसला होता. ती जागा त्याला सरकीच्या गोदामासाठी हवी होती.

तेव्हा घरातली थोरली सून पुढे आली. तिचं नाव राजकुमारी. बी. कॉम. झालेली होती, पण लग्नानंतर तिची सगळी हुशारी पापड-लोणच्यात मुरत होती. ती म्हणाली, जागा मला द्या, मी चालवते. भांडण पैशाचं नाही, वेळेचं आहे. वेळ यंत्राला सांगू द्या, म्हणजे माणसं भांडणार नाहीत.

आता या घरची एक रीत ऐका. सून सासऱ्यांशी थेट बोलत नसे, सासरेही सुनेशी बोलत नसत. एकाच खोलीत बसून दोघं सासूबाईंच्या, म्हणजे भगवतीदेवींच्या तोंडून बोलत. "बाबूजींना सांगा," ही म्हणायची. "बहूला सांगा," ते म्हणायचे. भगवतीदेवी मटार सोलता सोलता म्हणायच्या, "दोघांनी ऐकलं ना? मंग मी पुन्हा कशाला सांगू?" पण रीत म्हणजे रीत. तीत बेअदबी नव्हती, उलट अदबच होती.

शेठजी म्हणाले, "बहूला सांगा, मशीन मागवू. पण लक्ष्मीपूजनाच्या दिवशी ती फाटकात चालू दिसली पाहिजे. न्हाई दिसली तर जागा अमृतलालची. मंग तो विषय घरात काढायचा न्हाई."

मित्रांनो, माझ्या येण्यावर राजकुमारीचं काय अडलं होतं ते आता तुम्हाला कळलं. मला मात्र काहीच ठाऊक नव्हतं. मी जहाजात डुलत होतो.

साल एकोणीसशे नव्व्याण्णव. मी मुंबईच्या बंदरात उतरलो. माल सोडवून देणाऱ्या दलालाने कागद भरायला घेतला आणि जालन्याला फोन लावला, "शेठजी, माल काय म्हणून लिहू?" फोनवर खरखर फार होती. शेठजी ओरडून म्हणाले, "मुनीम लिही. बिजलीवर चालणारा मुनीम." जन्मभर दुकानाच्या गादीवर बसलेल्या माणसाला माझं काम ऐकून जे आठवलं, ते त्यांनी सांगून टाकलं. दलाल आज्ञाधारक निघाला. त्याने वस्तूच्या वर्णनात लिहिलं, विजेवर चालणारा मुनीम, नग एक.

झालं! कस्टमच्या गोदामात नुसता हशा पिकला. "माणूस आयात केलाय की काय?" म्हणत लोक मला बघून जायला लागले. माझ्या पत्र्याला तेव्हा लाज वाटली.

तुम्हाला सांगतो, परदेशातून आलेल्या प्रत्येक वस्तूला कस्टमच्या एका जाडजूड पुस्तकात आपलं घर शोधावं लागतं. सुईलाही घर आहे, विमानालाही आहे. घर ठरलं की कर ठरतो. माझं घर काही ठरेना. एक साहेब म्हणाले, आत घड्याळ आहे, याला घड्याळांत घाला. दुसरे म्हणाले, नाणं टाकलं की कागद बाहेर येतो, हे विक्रीचं यंत्र, थंड पेयांच्या बाटल्या विकतं तसलं. घड्याळ ठरलो असतो तर लागणारी कागदपत्रं शेठजींकडे नव्हती. विक्रीयंत्र ठरलो असतो तर कर इतका बसला असता, की शेठजींनी मला तिथेच सोडून दिलं असतं. मग लिलाव, नाहीतर भंगार. गोदामात पाणी गळायचं, माझ्या खोक्याला बुरशी चढली. माझ्याच पोटातलं, सेलवर चालणारं घड्याळ मला दिवाळी जवळ येतेय हे दाखवत होतं. तिकडे अमृतलाल टेप घेऊन जागा मोजून गेल्याचं मी पुढे भगवतीदेवींकडून ऐकलं.

अखेर देवस्थळी नावाच्या वरिष्ठ साहेबांनी मालकांना गोदामातच बोलावून घेतलं. शेठजी आले, राजकुमारी आली आणि भगवतीदेवीही आल्या. एवढा प्रवास त्यांनी केला तो फक्त दोघांच्या मधे बसायला.

राजकुमारी तयारीने आली होती. माझं माहितीपत्रक तिने तोंडपाठ केलं होतं. 'मुनीम' हा शब्द चुकून पडला, तो खोडू द्यावा, असं ती सांगणार होती. पण देवस्थळी साहेबांनी आधी शेठजींनाच विचारलं, "हे वर्णन तुम्ही लिहायला सांगितलंत?"

"हो साहेब, मीच," शेठजी ताठ बसून म्हणाले. "मुनीमच आहे तो. बिलकुल."

आता आली का पंचाईत! चारचौघांत, परक्या माणसापुढे, सासऱ्यांचं चुकलं असं सुनेने म्हणायचं कसं? मला खोक्याच्या फटीतून तिचा चेहरा दिसत होता. पाठ केलेलं सगळं तिने गिळलं. मला वाटलं, संपलं. लाजेपायी ही पोरगी जागा घालवणार आणि मी भंगारात जाणार.

तिने पदर सारखा केला आणि ती साहेबांना म्हणाली, "साहेब, बाबूजींनी लिहिलंय ते बराबर आहे. मशीन चालू करून बघा."

मला खोक्यातून काढलं, विजेची तार जोडली. किती दिवसांनी अंगात जीव आला म्हणून सांगू! राजकुमारीने हिरवं बटण दाबलं, मी चिठ्ठी दिली. साहेबांनी सगळ्यांना चहा मागवला. चहा संपल्यावर तिने चिठ्ठी आणि नाणी माझ्या तोंडात टाकली. मी वेळ पाहिली, भाडं काढलं, जास्तीची नाणी खळकन परत केली, पावती दिली. एका कामातही चुकलो नाही. चुकायची ती वेळच नव्हती.

"हे विक्रीयंत्रासारखंच झालं," देवस्थळी साहेब म्हणाले. "पैसे आत, कागद बाहेर."

"साहेब, तो कागद विकत घ्यायला कोण येतं?" राजकुमारी म्हणाली. "पावती विकत मिळत न्हाई. पैसे दिले म्हणून मिळते. आणि विकणारं यंत्र दाम आधीच ठरवून बसतं. हा आधी हिशेब करतो."

"पण आत घड्याळ आहेच ना?"

"आमच्या दुकानात मुनीमजींच्या डोक्यावर भिंतीला घड्याळ आहे. ते घड्याळ बघूनच काम करतात. म्हणून मुनीमजींना कुणी घड्याळ म्हणत न्हाई."

कोपऱ्यात उभ्या दलालाला हसू दाबताना ठसका लागला. साहेब मात्र हसले नाहीत. त्यांनी जाडं पुस्तक पुढे ओढलं. ती बोलत राहिली, "वेळ बघायची, हिशेब करायचा, रोकड घ्यायची, उरलेली परत द्यायची, पावती द्यायची. आमच्या मोंढ्यात हे काम जो करतो त्याला मुनीमच म्हणतात. बाबूजींनी दुसरं काय लिहायचं?"

देवस्थळी साहेब बराच वेळ पानं उलटत होते. मग एका ओळीवर त्यांचं बोट थांबलं. हिशेबाची यंत्रं, रोकडीची यंत्रं, हिशेब करून तिकीट देणारी यंत्रं, सगळी एका घरात नांदत होती. "वस्तूत काय काय आहे यापेक्षा तिचं मुख्य काम काय, हे बघायचं असतं," ते म्हणाले. "गोपीकिशनजी, असला शब्द या कागदावर कुणी लिहीत नाही. पण आम्ही तीन महिने जे शोधत होतो, ते तुम्ही एका शब्दात लिहून दिलं होतंत." आणि त्यांनी माझ्या कागदावर सही ठोकली.

मित्रांनो, मला घर मिळालं! ज्या शब्दावर सगळे खिदळले होते, त्याच शब्दाने मला सोडवलं. शेठजी बायकोकडे वळले. "बहूला सांगा..." म्हणाले आणि तिथेच अडले. भगवतीदेवींनी एवढंच विचारलं, "काय सांगू?" त्यांनी सही झालेला कागद घडी घालून खिशात ठेवला.

धनत्रयोदशीला मी ट्रकमधून जालन्यात उतरलो. लक्ष्मीपूजनाच्या सकाळी फाटकाशी उभा राहिलो तेव्हा मोंढ्यात पाय ठेवायला जागा नव्हती. रांगेत पहिला होता जाफराबादचा जीपवाला कडूबा. राखणदारांची सगळ्यात जास्त गचांडी धरणारा तो हाच. दुपारी परत येऊन चिठ्ठी मला देता देता त्याने सवयीने तोंड उघडलं, "मी आत्ताच..." तेवढ्यात मी पडद्यावर त्याची वेळ दाखवली. तो मागच्याला म्हणाला, "याच्याशी काय भांडावं, बाबा? बराबर सांगून राह्यला." पैसे टाकून तो मुकाट निघून गेला. अमृतलाल हे बघत उभा होता. टेप त्याने खिशात घातला.

तेव्हापासून मी इथेच आहे. वीज गेली तर बॅटरीवर चालतो. पण तुम्हा लोकांचंही जरा सांगतो. माझ्या तोंडात शर्टाची बटणं टाकू नका. सुपारीची पुडी तर मुळीच कोंबू नका. नाणं अडकलं तर थोबाडीत मारू नका, राजकुमारीला हाक मारा. दर सोमवारी ती स्वतः माझी धूळ पुसते, म्हणून तर मी अजून बिनचूक आहे. कुठल्याही वस्तूला हसण्याआधी तिला एकदा काम करताना बघत जा, एवढंच माझं मागणं आहे.

त्या लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळचं सांगायचं राहिलंच. दुकानातली पूजा आटोपून शेठजी फाटकाशी आले. मला कुंकू लावलं. राजकुमारी बाजूला पदर सावरून उभी होती. भगवतीदेवी सवयीने दोघांच्या मधे येऊन थांबल्या. शेठजींनी त्यांना हाताने हळूच बाजूला केलं आणि जागेची किल्ली सरळ सुनेच्या हातावर ठेवली.

"राजकुमारी, जागा तुझी," ते म्हणाले. "तुला वाटेल तशी चालव."

इतक्या वर्षांत ते तिच्याशी बोललेले हे पहिले शब्द. आता ती काय बोलते, म्हणून भगवतीदेवीही कान देऊन उभ्या राहिल्या. तिने डोळे पुसले, मान वर केली आणि सासऱ्यांशी आयुष्यातलं पहिलं वाक्य बोलली.

"बाबूजी, तुमची गाडी सकाळपासून आत उभी आहे. भाडं द्यावं लागेल."

शेठजींनी सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि चिठ्ठी बाहेर काढली. सकाळीच घेतली होती त्यांनी, रांगेत कडूबाच्या मागे उभं राहून. त्यांनी ती माझ्या तोंडात सरकवली. मी त्यांना एका मिनिटाचीही सूट दिली नाही.