दहाच्या रेघेपर्यंत

“ऋतुजा, लेकराचं टोपण हाय ते, माय. दुसऱ्या कामाला लावू नको त्याला.”

तुळजाबाई एवढंच म्हणाल्या आणि परत सुपातले भाजलेले शेंगदाणे पाखडायला लागल्या. त्यांची सून ऋतुजा हसली. “आई, नंतर उकळत्या पाण्यात टाकते ना मी! एक जंतू राहणार नाही बघा.” असं म्हणत तिनं वरच्या फळीवर हात घातला आणि मला खाली काढलं.

मित्रांनो, ते टोपण म्हणजे मी. औषधाच्या बाटलीवर बसवतात तसलं, मापाचं, प्लास्टिकचं एक जुनं टोपण. तुमच्याही घरात माझी भावंडं असतील. बाटली संपली की लोक बाटली फेकतात आणि टोपण ठेवून देतात. कशासाठी ठेवतात ते त्यांनाही सांगता येत नाही, पण ठेवतात. म्हणून आमचं आयुष्य मोठं.

माझा जन्म हैदराबादकडच्या एका कारखान्यात झाला. गरम प्लास्टिक साच्यात उतरलं, साचा दाबला गेला आणि माझ्यासारखी कितीतरी टोपणं टपाटपा टोपल्यात पडली. माझ्या अंगावर चार रेघा आहेत. सर्वांत वरची दहाची. मला दुसरं काही येत नाही; पण रेघेपर्यंत भरा, मी थेंबभरही खोटं सांगणार नाही.

तापाच्या नारिंगी औषधावर बसून मी नांदेडला आलो. तरोडा नाक्याजवळच्या दुकानातून ऋतुजाच्या नवऱ्यानं, भागवतनं मला आणलं, तेव्हा त्याची लेक सहा-सात महिन्यांची होती. तिचं नाव अयोध्या. तुळजाबाईंच्या आईचं नाव ठेवलेलं. घरात सगळे तिला आयू म्हणतात.

आयूला औषध पाजायचं म्हणजे लढाई असायची. दोघांनी हात धरायचे, तिसऱ्यानं नाक, आणि तरी सगळं औषध उशीवर. शेवटी ऋतुजानंच युक्ती काढली. आधी भागवतनं मला तोंडाला लावल्यासारखं करायचं आणि डोळे मिटून म्हणायचं, “आहाहा!” मग ऋतुजानं, “आहाहा!” मग आजीनं. तोवर आयू उड्या मारायला लागायची, “माजं! माजं!” मग तिचा नंबर. गटकन पिऊन ती मला डोक्यावर पालथं धरून दाखवायची आणि सगळ्यांनी टाळ्या पिटायच्या. मित्रांनो, काय माझा थाट होता सांगू! सर्दीचं औषध आलं, जंताचं आलं, बाटल्या आल्या आणि गेल्या. टोपण मात्र मीच. दुसरं दिलं तर ती तोंडच उघडायची नाही.

तर त्या संध्याकाळी मी खाली आलो ते बालाजीमुळं.

बालाजी म्हणजे भागवतचा लातूरच्या कॉलेजातला मित्र. आता अमेरिकेत असतो. सुट्टीला लातूरला आला, तिथून एक दिवस नांदेडला आला आणि बॅगेतून टॉवेलात गुंडाळलेल्या तीन बाटल्या काढून त्यानं टीपॉयवर मांडल्या. एक बसकी, एक उंच, एक चौकोनी.

“बर्बन हाय बे हे,” तो म्हणाला. “साध्या व्हिस्कीसारखं चढवायचं नाही. तिन्ही थोडी थोडी घ्यायची, वास घ्यायचा, तुलना करायची. तिकडं दर शनिवारी संध्याकाळी आमचं हेच चालतं.”

“कशापासून करतात?”

“मका.”

भागवत कृषी खात्यात आहे, हिमायतनगरला जातो-येतो. तो खुर्चीतून उठलाच. “मका? आपला मका? अबे, आमच्याकडं लोक मका जनावरांना घालून राहिले आणि तुम्ही तिकडं हे करून राहिले?”

“मका, आणि आतून जाळलेलं ओकचं नवं पिंप. रंग सगळा त्या जळक्या लाकडाचा.”

तुळजाबाई सूप हातात घेऊनच दारात आल्या. “खिडक्या लावा आधी. खालच्या महानंदाला वास गेला तर उद्या सगळ्या गल्लीत माझ्याच नावानं बोंब.”

ऋतुजा पिणार नव्हती. आयू रात्री अजून अंगावर पिते. पण ती रसायनशास्त्राची एम.एस्सी., आणि तुलना म्हटल्यावर तिला राहवेना. “मी फक्त वास घेणार,” ती म्हणाली, “पण चाचणी नीट करायची. बाटली दिसली की भाऊजी म्हणणार, महागाची तीच भारी. मी आत ओतते. कुठल्या ग्लासात काय, ते मलाच माहीत.”

चहाचे काचेचे ग्लास निघाले. प्रत्येकाच्या बुडाला तिनं टिकली चिकटवली. लाल, हिरवी, काळी. ओतताना अडलं ते मापाशी. कमी-जास्त झालं तर तुलना कसली? तेव्हाच तिला मी आठवलो, आणि तुळजाबाई ते बोलल्या जे मी सुरुवातीला सांगितलं.

मित्रांनो, खरं सांगतो, मी हरखून गेलो होतो! आजवर तापाचं आणि खोकल्याचं पाहिलेलं. आता हा मधासारखा रंग, हा दरवळ! मी दहाच्या रेघेपर्यंत भरला जायचो, ग्लासात रिकामा व्हायचो, विसळून पुसला जायचो, परत भरला जायचो.

बाहेर नुसती धमाल उडाली होती.

“डोस आला, डोस!” भागवत ओरडला. पहिला घोट घेतला, डोळे मिटले. “आहाहा!”

“हळू,” ऋतुजा म्हणाली. “आयू आत्ताच झोपलीये.”

आयूचा ताप सकाळीच उतरला होता. दिवसभर किरकिर करून दिवेलागणीलाच तिला झोप लागली होती.

“लाल टिकलीत काय लागतंय?” बालाजीनं विचारलं.

भागवतला सांगता येईना. ऋतुजानं ग्लास नाकाशी धरला. थोडा दूर नेला, परत जवळ आणला. “गुऱ्हाळात कढई उतरवतात ना, तेव्हाचा वास. आणि मागून... भाजलेलं खोबरं.”

बालाजी बघतच राहिला. “वहिनी! तिकडं लोक याला व्हॅनिला म्हणतात, कॅरॅमल म्हणतात. तुम्ही कढईच आणली की समोर!”

“हिरवीत खारीक आहे. काळीत आधी नुसता धूर, मग जायफळ.”

“आहाहा!” बालाजी म्हणाला. “खरंच जायफळ, बे!”

“मला दे बघू,” म्हणत तुळजाबाईंनी काळ्या टिकलीचा ग्लास हुंगला आणि तोंड फिरवलं. “चूल विझवल्यावर येतो तसा वास. यासाठी एवढ्या लांबून आला का रे बालाजी?”

हिरवी बाद झाली. लाल आणि काळी यांची फायनल लागली. भागवत लालवर अडला, बालाजी काळीवर. पुन्हा एकदा समोरासमोर ओतायचं ठरलं. ऋतुजानं लालचा डोस ग्लासात ओतला, मला काळीनं दहाच्या रेघेपर्यंत भरलं आणि दोन्ही घेऊन बाहेर आली. तेवढ्यात बालाजी ओरडला, “वहिनी, थांबा, थेंबभर पाणी टाकलं की लालमध्ये काय वास येतोय बघा!” तिनं मला टीपॉयच्या कडेला ठेवलं. तीन नाकं एका ग्लासावर वाकली.

“आहाहा!” तिघंही एकदमच म्हणाले.

आतल्या खोलीचा पडदा हलला.

मित्रांनो, मला ती सर्वांत आधी दिसली. टीपॉय तिच्या छातीएवढं. अनवाणी, फ्रॉक चुरगळलेला, गालावर उशीच्या वळ्या. तिनं तीन वेळा “आहाहा” ऐकलं होतं. बाबांचं झालं, आईचं झालं, काकाचंही झालं. समोर तिचं टोपण, तिच्या औषधाच्याच रंगानं भरलेलं. कुणी तिचा हात धरला नव्हता, कुणी रागावत नव्हतं. शहाण्या लेकरानं जे करायला हवं तेच तिनं केलं. मला दोन्ही हातांनी उचललं आणि तोंडाला लावलं.

मला ओरडता आलं असतं तर!

पहिला थेंब जिभेला लागला आणि ती ठसकली. मी तिच्या फ्रॉकवर कलंडलो. तरी सवयीनं तिनं मला डोक्यावर पालथं धरलं, आणि मग तो रडण्याचा आवाज.

ऋतुजानं तिला उचललं तेव्हा ऋतुजाचा स्वतःचा चेहरा पांढराफटक पडला होता. “किती गेलं? अहो, किती गेलं पोटात?”

कुणालाच माहीत नव्हतं. मला माहीत होतं. पण मी रिकामा होतो, आणि रिकाम्या टोपणाला काय सांगता येणार?

“मीठपाणी पाजा वहिनी, उलटी होईल,” बालाजी म्हणाला.

“काही पाजायचं नाही! उलटी तर मुळीच काढायची नाही. डॉक्टरकडं चला.”

भागवतनं गाडीची किल्ली उचलली. ऋतुजानं ती त्याच्या हातातून हिसकावून घेतली.

“तुम्ही प्यालात.”

“अगं, दोन-तीन घोट...”

“मी फक्त वास घेतलाय. मी चालवते, तुम्ही शेजारी बसा. आई, आयूला घेऊन मागं बसा, झोपू देऊ नका तिला. भाऊजी, तुम्ही घरी थांबा आणि आधी त्या बाटल्या उचला.”

मी ऋतुजाच्या मुठीत होतो. गाडीत बसल्यावर तिनं मला गिअरपाशी टाकलं. सगळ्या वाटेनं मागून तुळजाबाईंचा आवाज येत होता. “आयू, हम्मा कशी करती? भूभू कसा करतो गं, बाई?” आणि आयू सांगायची थांबली की ऋतुजाचा हात हॉर्नवर जायचा.

डॉक्टर मॅडम तरुण होत्या. त्यांनी पहिला प्रश्न तोच विचारला, “किती?”

ऋतुजानं मला पुढं केलं. नख दहाच्या रेघेवर ठेवलं. “इथपर्यंत भरलेलं होतं. बाकी मला माहीत नाही, मॅडम. मी तिथंच होते आणि मला माहीत नाही.”

मॅडमनी फ्रॉकचा पुढचा भाग पिळल्यासारखा चाचपला, वास घेतला. “बरंचसं फ्रॉकनंच प्यालेलं दिसतंय.” पण हसल्या नाहीत. बोटाला टोचून साखर तपासली, डोळे पाहिले, थोड्या थोड्या वेळानं पुन्हा साखर बघू म्हणाल्या. “एवढ्या लहान मुलांची साखर एकदम खाली येते. थोडंच गेलं असेल तरी घरी पाठवणार नाही. आणलंत ते बरं केलंत.” मग त्यांनी मला उजेडात धरलं. “हे तिच्या औषधाचंच टोपण ना? मग तिनं काय चुकीचं केलं?”

ऋतुजा सासूकडे बघायला लागली. तुळजाबाईंनी सुनेच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, “पाणी पी. तू सकाळपासून काही खाल्लेलं न्हाई.”

साखर ठीक आली. दुसऱ्यांदाही ठीक आली. साखर घातलेलं दूध प्यायल्यावर आयू मॅडमच्या स्टेथोस्कोपला तोंड लावून म्हणाली, “आहाहा!” भागवत हसायला गेला आणि भिंतीकडे तोंड करून रडला.

त्यानंतर माझी नोकरी बदलली. ऋतुजानं माझ्या काठाला लाल नेलपॉलिशचं जाड कडं काढलं. आता मी कपाटाच्या वरच्या कप्प्यात, कुलपात, त्या तीन बाटल्यांच्या शेजारी राहतो. आयूला निळा चमचा आणलाय. त्याचा खेळही नवा. चमचा वाजवायचा आणि म्हणायचं, “झालं!” सुरुवातीला मला वाईट वाटलं. कुणी मला डोक्यावर धरत नाही, टाळ्या पिटत नाही. पण दारूचं माप असावं तर फक्त दारूचं, हे मला पटलंय.

राहिलेली फायनल बालाजी परत जायच्या आधी झाली. लाल टिकली जिंकली, म्हणजे बसकी बाटली. बालाजी ज्या चौकोनीची इतकी तारीफ करत होता ती काळी टिकली निघाली आणि हरली. “माझं नाक दमलंय आज,” तो म्हणाला. तुळजाबाई म्हणाल्या, “नाक न्हाई, तोंड दमलंय. सकाळपासून बोलून राहिलास.” त्या दिवशी कुणीही “आहाहा” केलं नाही. घरात त्या शब्दाला बंदी आहे. बालाजी “वावा” म्हणाला.

अजूनही एखाद्या शनिवारी कपाट उघडतं, टिकल्या निघतात, माझा आनंद मावत नाही. पण बाटलीचं बूच निघायच्या आधी ऋतुजा ग्लासांवर आडवा हात ठेवते आणि विचारते, “आयूला कोण बघून आलं?” नुसतं “झोपलीये” चालत नाही. उठून जायचं, पडदा सारायचा, डोळ्यांनी बघायचं. मग ती हात काढते.

मित्रांनो, तुमच्याही घरात आत्ता आतल्या खोलीत कुणीतरी झोपलंय असं तुम्ही धरून चालला असाल. जा, एकदा डोळ्यांनी बघून या. मी इथंच आहे, रिकामा. तुम्ही आल्याशिवाय मला कुणी भरणार नाही.