सांध्याखालचा फुटवा

गुलाब लावणं हे मऊ मनाच्या माणसाचं काम आहे असं ज्याला वाटतं, त्याने एक पावसाळा माझ्या घरी येऊन राहावं. शिरगावच्या वरच्या अंगाला, कातळावर माझं घर. इथे खड्डा खणत नाहीत, फोडतात. पहार घेऊन कातळावर घाव घालायचे, ठिणग्या उडतात, तळहाताची सालटं निघतात, आणि एवढं करून गुडघाभर खड्डा होतो. मग त्यात खालच्या वाडीतून आणलेली माती, कुजलेलं शेण, वाळक्या पानांचा पातेरा. पावसात गोगलगायी येतात. त्यांच्यावर मीठ टाकायचं आणि फेस सोडून मरेपर्यंत तिथेच उभं राहायचं, कारण अर्धमेली गोगलगाय पुन्हा चालू लागते. कळ्या खाणाऱ्या वानरांना बेचकी. पिठ्या ढेकूण दोन बोटांत चिरडायचे. माझी बोटं कशाच्या ना कशाच्या रक्ताने भरलेली असतात, बरेचदा माझ्याच. मला ते आवडतं. खोटं कशाला बोलू?

माझं नाव गोदा. नवरा लवकर गेला, घर माझ्या नावावर आहे, आणि एकच मुलगा, संदेश. त्याची बायको मृणाली, देवरुखची. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी जाऊन आली ती एसटीत मांडीवर काळी पिशवी धरून. पिशवीत तिथल्या नर्सरीत घाटावरून आलेलं गुलाबाचं कलम, लालभडक फुलाचं. मी म्हटलं, "ह्यो शहरातला पावणा कातळावर कुठे टिकतोय? माझी गावठी गुलाबी बघ. नुसती फांदी खोचली की लागते, आणि सकाळी घरभर वास." तिने पिशवी फाडली. बादलीत पाणी घेतलं, मुळांभोवतीचा घाटावरच्या काळ्या मातीचा गोळा धुऊन काढला आणि म्हणाली, "आई, ही माती आपल्या पावसात मुळं कुजवते. आता लावूया." पोरगी गप्प असते, पण ऐकत नाही. त्या दिवसापासून ती मला आवडली.

भांडलो मात्र खूप. तिला गुलाबाच्या पायाशी झेंडू हवा, मुळातले किडे मरतात म्हणून. लसूण हवी, मावा येत नाही म्हणून. मी म्हणायचे, गुलाबाच्या पायाशी दुसरं झाड म्हणजे एका घरात दोन चुली. तिने झेंडू लावला, मी उपटला. तिने पुन्हा लावला. शेवटी झेंडू आणि लसूण राहिली. पुदिनाही लावला होता तिने, तो अख्ख्या आळ्यात पसरला, तेव्हा तो मी तिच्यासमोर उपटून दगडी गडग्यापलीकडे भिरकावला. पलीकडून ताजबी ओरडली, "टाक गो अजून, चटणीला झाला!"

ताजबी म्हणजे माझी गडग्यापलीकडची शेजारीण. नवरा बोटीवर असतो. रोज मासे धुतलेलं पाणी ती गडग्यावरून माझ्या बादलीत ओतते, आणि ते पाणी गुलाबांना. बांगडा असला की मुद्दाम हाक मारून सांगते, कारण बांगड्याच्या पाण्याने फूल मोठं येतं असं तिचं ठाम मत आहे.

दुसऱ्या पावसात त्या कलमाच्या बुडातून एक फुटवा आला. अंगठ्याएवढा जाड, पोपटी, सरळ वर. बघता बघता माझ्या डोक्यावर गेला. मृणालीची लाल फांदी मात्र बाजूला सुकल्यासारखी, चार पानांवर. मी खूश. बांगड्याचं सगळं पाणी त्या फुटव्याला. मृणाली म्हणाली, "आई, ह्याच्या एकेका देठाला सात-सात पानं आहेत. कलमाला पाच असतात. हा कलमाच्या सांध्याखालचा आहे, रानटी. ह्याला फूल यायचं नाही."

मला राग आला. मी हापूसच्या कलमांत वाढलेली बाई. आंब्याच्या सांध्याखालून बिनकलमी रायवळ फुटवा आला तर तो मी चालता चालता ओळखते आणि नखाने खुडते. मला ही शिकवणार? पण आंब्याचा सांधा वर असतो, डोळ्यांना दिसतो. ह्या गुलाबाचा सांधा लावताना मीच मातीत गाडला होता, वाऱ्याने झाड हलू नये म्हणून. ते माझ्या लक्षातच नव्हतं. मी म्हटलं, "जोर बघ त्याचा! ह्यालाच फूल येणार." आणि पाणी घालत राहिले.

आता संदेशचं सांगते. मुंबईत एका कंपनीत होता. ती बंद पडली, तसा परत आला आणि गाडी चालवू लागला. स्टेशनवरून पाहुणे उचलायचे, गणपतीपुळ्याला सोडायचे, संध्याकाळी परत. पाहुण्यांशी इतकं गोड बोलतो की लोक उतरताना त्याच्याबरोबर फोटो काढून घेतात. घरी आला की चपला काढायच्या आधी चेहरा काढून ठेवतो.

पहिली थप्पड मारली ती चहा थंड होता म्हणून. माझ्यासमोर. मी तिथल्या तिथे त्याच्या कानाखाली वाजवली. काही दिवस नीट वागला. मग तिचा हात पिरगळला. मी त्याचं जेवण बंद केलं, तर त्याने ताटं फोडली. पावस गावाहून त्याच्या मामाला बोलावलं. मामाने त्याला देवळात नेलं, गुरवाने गाऱ्हाणं घातलं, ह्याने देवासमोर नाक घासलं, डोळ्यांतून पाणी काढलं. त्याच महिन्यात त्याने तिचं डोकं कपडे धुवायच्या दगडावर आपटलं. भिवईवर अजून व्रण आहे. ती माहेरी गेली, भावाने आणून सोडली. प्रत्येक वेळी मी काहीतरी केलं, आणि प्रत्येक वेळी तो दुप्पट होऊन आला. वाडीतले म्हणायचे, नवरा-बायकोच्या मधे पडू नये. एक शहाणी तर म्हणाली, गुलाबसुद्धा छाटल्याशिवाय फुलत नाही गो. मी तिच्या अंगणातून उठून आले. परत गेले नाही.

ह्या वर्षी दसरा झाला, ऊन तापलं, म्हणजे छाटणीचे दिवस. सकाळची कामं आटपून आम्ही दोघी आळ्याशी बसलो. मी कोयती परजून घेतली होती. आणि बघते तर काय, त्या सुकल्यासारख्या लाल फांदीला एक फूल. एवढंसं, पण लाल म्हणजे लाल. मृणालीने ते हलकेच खुडलं आणि वेणीत खोचलं. ती हसली तेव्हा मला कळलं की ही कित्येक महिन्यांत हसलेली नाही.

"बघा आता," ती म्हणाली आणि हातांनी बुडातली माती खरवडू लागली. झेंडू बाजूला केला, लसणीच्या पाती मोडल्या. माती खाली गेली तसा सांधा दिसला, गाठीसारखा. लाल फांदी गाठीच्या वरून निघालेली. माझा लाडका फुटवा गाठीच्या खालून, थेट मुळातून.

मी बघतच राहिले. मग मला हसू आलं. "रायवळच गो मेला! आणि मी ह्याला बांगडे खायला घालतेय." कोयती घेऊन मी तो छाटायला वाकले. तिने माझा हात धरला.

"वरून नको, आई. वरून छाटला की दुप्पट येतो. मुळाशी जाऊन ओरबाडूनच काढायला हवा."

मुळाच्या बाजूने कातळ होता. मी कोयती खाली ठेवली आणि पहार आणायला मागच्या पडवीत गेले. तेवढ्यात गाडी आली.

मी पहार घेऊन परत येईपर्यंत संदेश आळ्याशी उभा होता. गिऱ्हाइकाने ऐन वेळी नाही म्हटलं असणार, तोंड तसंच होतं. तो तिच्या वेणीकडे बघत होता.

"कोणासाठी?"

"काय कोणासाठी?"

"फूल. कोणासाठी नटतंस? मी नसताना कोण येतो?"

"आपल्या झाडाचं हाय," ती म्हणाली. "आईंना विचारा."

त्याने वेणीला हात घातला आणि फुलासकट केसांचा झुपका उपटला. ती गुडघ्यांवर पडली. त्याने माझी कोयती उचलली. मला वाटलं, संपलं. पण तो झाडाकडे वळला. लाल फांदी एका घावात गेली. मग त्याने तो फुटवा छाटला, वरून, कमरेएवढ्या उंचीवर. कोयती टाकून दिली आणि ती लांब काटेरी फांदी दोन्ही हातांत घेतली. त्याचे स्वतःचे हात रक्ताळले, पण त्याला ते कळलंही नाही.

पहिला फटका तिच्या पाठीवर बसला. फांदी नुसती बसत नाही, ओढताना ब्लाऊज आणि कातडी बरोबर घेऊन येते. ती किंचाळली नाही. दुसऱ्या फटक्याला किंचाळली. तिसरा तिने हातावर झेलला. तिच्या पाठीतून रक्त झेंडूवर गळत होतं, आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट, की ह्या फांदीला मी वाढवलं. रोज, बादलीने.

"संदेश!" मी ओरडले.

"तू आत जा, आये! आज हिला सोडत नाय!"

त्याने चौथ्यांदा हात उचलला. मी पहार आडवी फिरवली. कातळ फोडताना फिरवते तशीच, कमरेतून, सगळा जोर लावून. ती त्याच्या नडगीवर बसली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. ओला नारळ दगडावर आपटल्यासारखा होता. तो खाली कोसळला आणि पुन्हा उठायला गेला, तर पाय मधेच वाकला, जिथे वाकायला नको तिथे. तरी त्याने हात लांब करून मृणालीचा घोटा पकडला. मी त्या हातावर पाय दिला आणि पहारीचं टोक त्याच्या तोंडासमोर धरलं.

"सोड," मी म्हटलं. "नायतर हात पण घालवीन."

त्याने सोडला.

गडग्यावरून ताजबी उडी मारून आली. हातात मासे कापायची सुरी, तिला अजून खवले चिकटलेले. तिने एकदा सगळीकडे बघितलं. "या अल्ला, गोदाबाय, काय केलंस गो!" मग मृणालीची पाठ बघितली. डोक्यावरची ओढणी काढून तिच्या पाठीवर घातली, आणि घरात जाऊन रिक्षावाल्याला फोन लावला. रिक्षात पुढे ताजबी, मागे आम्ही तिघं. संदेश माझ्या मांडीवर डोकं ठेवून कण्हत होता, मृणाली दुसऱ्या कडेला पुढे वाकून बसली होती, कारण तिला पाठ टेकता येत नव्हती.

दवाखान्यात त्याला खाटेवर घेतलं, तिला शेजारच्या पडद्याआड. तिथे एक नर्स चिमट्याने काटे काढत होती आणि स्टीलच्या ट्रेमध्ये टाकत होती. प्रत्येक काट्याचा आवाज येत होता. असलं प्रकरण म्हणजे पोलिसांना कळवावंच लागतं, म्हणून त्यांनी कळवलं.

पोलीस यायच्या आधी संदेशने माझा हात ओढला. वेदनेने घामाघूम झाला होता, पण डोकं चालत होतं त्याचं. "आई, ऐक. मी पडलो म्हणून सांगतो. कातळावर पाय घसरला. ती काट्यात पडली. तू पण हेच सांग, तिला पण सांग. नायतर पहार मारल्याबद्दल तू आत जाशील. ह्या वयात, समजलंस? मी तुला वाचवतोय."

आणि खरंच वाचवत होता. मी मान हलवली असती तर संध्याकाळपर्यंत मी, मृणाली आणि ती पहार, सगळे घरी. त्याचं प्लास्टर, तिची मलमपट्टी, कोणाला काही कळलं नसतं. दिवाळीला मी करंज्या केल्या असत्या. मग पाय जुळला असता. पाय जुळल्यावर काय, ते मला ठाऊक होतं. थप्पड, जेवण बंद, मामा, देऊळ, सगळं माझं वरून छाटून झालं होतं. आजची पहारसुद्धा वरूनच मारलेली होती.

हवालदारबाई आली. तरुण होती, कपाळावर घाम, हातात पेन. तिने संदेशला विचारलं, तो म्हणाला, पडलो. पडदा बाजूला करून मृणालीला विचारलं. मृणालीने माझ्याकडे बघितलं. मागितलं काहीच नाही, नुसतं बघितलं. ह्या पोरीला माझ्याकडून आता कशाचीच आशा राहिली नव्हती.

"काकू, पडला ना तो?" हवालदारबाईने मला विचारलं.

"नाय. मी मारलं. पहारीने."

तिने पेन थांबवलं. "काकू, विचार करून बोला. तुमच्यावर केस होईल. तुमचाच मुलगा ना हा?"

"माझाच. एकुलता एक. मी मारलं ते आधी लिहा, म्हणजे ती खोटं बोलतेय असं कोण म्हणणार नाय. मग का मारलं ते लिहा. आणि घर माझ्या नावावर हाय, त्याने परत त्या घरात पाऊल टाकायचं नाय, ते पण लिहा."

"आये!" संदेश ओरडला. लहानपणी पायात काटा रुतला की तो अशीच हाक मारायचा, आणि मी हातातलं टाकून धावायचे. ह्या वेळी मी मान वळवली नाही.

पडद्याआड ट्रेमध्ये आणखी एक काटा पडला. हवालदारबाईने पान उलटलं आणि विचारलं, "कुठून सुरू करू?"

"चहा थंड होता," मी म्हटलं. "तिथून लिहा."