चौथ्या कंपनीचा मालक

कायदा साधा होता: एका कंपनीनं शहरात पन्नासच्या वर घरं ठेवायची नाहीत. ठेवली, तर वरची घरं आत राहणाऱ्या भाडेकरूंनाच आधी विकायची. पण कायद्याला वळसा घालण्यात साहेबांचा हात कोण धरणार? त्यांनी आणखी सहा कंपन्या काढल्या आणि एकेका नोकराला एकेकीचा मालक करून टाकलं. चौथी कंपनी त्यांच्या ड्रायव्हरच्या वाट्याला आली.

सहीची रीत ठरलेली होती. कागदाला पिवळी चिठ्ठी जिथं चिकटवलेली असेल तिथं सही ठोकायची, मग ती बॉनेटवर असो की सिग्नलला थांबल्यावर स्टिअरिंगवर. वाचणारा माणूस साहेबांना आवडत नसे, आणि ड्रायव्हरलाही वाचायचा कंटाळाच. शिवाय कागदावर पत्ता नसायचा, नुसता भूखंडाचा नंबर. त्यामुळे थोरली बहीण भाड्यानं राहते ती इमारत आपल्याच नावावर झाली, हे त्या पठ्ठ्याला चार महिने कळलं नाही.

कळलं ते ताईच्याच तोंडून. कंपनीनं घरं रिकामी करायची नोटीस लावली, भाडेकरूंनी तक्रार केली, आणि तक्रारीच्या उत्तरात मालक म्हणून भावाचं नाव आलं.

“हसून हसून मेले मी,” ताई स्वयंपाकघरात भांडी पुसत म्हणाली. “माझा भाऊ इमारतीचा मालक! अरे, तुला स्वतःची सायकल नाही!” मग तिनं फडकं खाली ठेवलं. “सोमवारी सुनावणी आहे. कंपनी तुझी की साहेबांची, एवढंच विचारतील. खरं तेवढं सांग, म्हणजे हे घर मला विकत मिळेल. हे गेल्यापासून या चार भिंतींचाच आधार आहे रे.”

“सांगतो की,” तो म्हणाला. अगदी मनापासून म्हणाला, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं.

सोमवारी साहेबांना सुनावणीला त्यानंच नेलं. मागच्या सीटवरून साहेब शांतपणे म्हणाले, “कंपनी तुझीच आहे, असं तू शपथेवर लिहून दिलंयस. आता फिरलास तर खोट्या शपथेसाठी आत जाशील. आणि उद्यापासून कामावर येऊ नकोस.”

त्यानं आरशातून साहेबांकडे पाहिलं. शपथेवर? तीही कुठल्या तरी पिवळ्या चिठ्ठीपाशी उरकली असणार.

अधिकारी बाई मवाळ होत्या. चष्मा काढून म्हणाल्या, “घाबरू नका. न वाचता सही केली असेल तर आत्ता सांगा, तुम्हाला शिक्षा होणार नाही. कंपनी कोणाची?”

म्हणजे तुरुंगाचं भय गेलं. उरली नोकरी. ताई मागच्या बाकावर बसली होती. त्यानं वळून पाहिलं नाही.

“माझीच,” तो म्हणाला.

सुनावणी दहा मिनिटांत आटोपली. व्हरांड्यात ताई त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. तिनं चार शिव्या हासडल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

“नोकरी राहिली ना तुझी?”

त्यानं मान हलवली.

“मग झालं. तुझ्या पोरांच्या शाळा आहेत. मी बघते कुठं तरी खोली,” असं म्हणून ती कठड्याला धरून जिना उतरू लागली.

निकालावर अजून बाईंची सही झालेली नाही, असं शिपाई कोणाला तरी सांगत होता. दार उघडंच होतं. चार पावलं आत जाऊन दोन शब्द बोलला असता तरी पुरलं असतं. तो दाराकडे बघत उभा राहिला, आणि स्वतःचीच त्याला किळस आली. तेवढ्यात खालून साहेबांनी हाक मारली, आणि तो गाडी काढायला गेला.